भिलाईतला देवमासा

भिलाईला समुद्र नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण परत आल्यावर तिरोड्यात मला दोन शिकलेल्या माणसांनी विचारले की देवमासा तुम्ही नेमका कोणत्या काठावरून पाहिलात. मी देवमासा पाहिलेला नाही. मी त्याचा एक फोटो पाहिला, एक पत्र्याचा डबा पाहिला, आणि त्या डब्यापायी माझ्या भाचीचे जुळत आलेले लग्न मोडायला टेकलेले पाहिले. ते टेकवण्यात माझाच हात होता, आणि तोही खरे बोलून.

मोजणी खात्यात वीस वर्षे जमिनीवर साखळी टाकण्यात गेली आहेत. चुकीचे माप मला ऐकवत नाही. समोरचा सोळा एकराला वीस म्हणाला की मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो. हा गुण आहे अशी माझी समजूत होती.

तिरोडा ते दुर्ग

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, तिची मुलगी शांता. शांताचे वडील नाहीत. शांताला पाहायला साकोलीकडच्या एका घरचे लोक येऊन गेले होते आणि मुलगी त्यांना पसंत होती. मुलगा दिगंबर रशियन लोकांच्या मदतीने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये फिटर, राहायला थोरल्या भावाकडे, सेक्टर दोनमध्ये. आता घरदार पाहायला आम्ही जायचे होते. शेवटचा होकार शांताच्या चुलत्यांचा, रामाजींचा. ते स्वतः आले नाहीत. निघताना एवढेच म्हणाले, "पोरगा रशियन लोकायत राहून राहिला. बिघडला तं नाई ना, तेवढं पाहून या. मंग मी हो म्हणतो."

गाडीचे वर्णन करण्यासारखे फारसे नाही. सालेकशाच्या पुढे जंगल सुरू होते, बोगदा लागतो, डोंगरगडच्या टेकडीला बाईने डब्यातूनच हात जोडले. दुर्गला उतरलो तेव्हा तिच्या पांढऱ्या पातळाचा रंग तांबूस झाला होता. पुढे बसने भिलाई. रस्त्यात जिकडे पाहावे तिकडे मुरूम, ट्रक, आणि अर्धी उभी राहिलेली काहीतरी. आपल्याकडे गाव आधी असते आणि मग त्यात माणसे कामधंदा शोधतात. इथे धंदा आधी आणला आहे आणि गाव त्याच्याभोवती मांडत आहेत.

सेक्टर दोन

इथली क्वार्टरे एका साच्यातून काढल्यासारखी. मला ओळ आणि नंबर लिहून दिलेला होता. मी मोजत मोजत बरोबर दारात गेलो, बाईने चपला काढल्या, आत जाऊन पाट ओढून बसली आणि म्हणाली, "पानी दे वं माय." समोर एक उडिया बाई तोंडात पदर धरून उभी. मी ओळ उलट्या टोकाकडून मोजली होती. वीस वर्षांचा मोजणीदार! त्या बाईने पाणी मात्र दिले, गूळही दिला.

दिगंबरचे थोरले भाऊ गणपतराव क्रेन चालवतात. स्वभावाने मोकळे. वहिनींनी तांदळाच्या पिठाचे चिले केले होते, वर टोमॅटोची चटणी. शेजारच्या छत्तीसगढी बायकांकडून शिकल्या. आमच्याकडे तांदूळ त्याहून उत्तम पिकतो, पण त्याचा भात सोडून दुसरे काही करायचे आम्हाला सुचत नाही. मी सहा खाल्ले.

दिगंबर ड्यूटीवरून आला. उंच, सावळा, बोलायला बेताचा. हातपाय धुऊन आधी बाईच्या पाया पडला, मग माझ्या. बाईने त्याची नखे पाहिली. नखांत काळे होते, पण ते कामाचे काळे होते, आणि तिला ते आवडले हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला कारखान्याच्या कुंपणापर्यंत नेले. झोतभट्टी लांबूनच पाहिली. बाईने डोळ्यांवर हात आडवा धरला. मग म्हणाली, "एवढ्या लोखंडाचं करून का राहिले?"

"रूळ, काकू. तुमी ज्या गाडीनं आले ना, तिच्या खालचे."

"जुने रूळ का खराब होते?"

दिगंबर हसला. बाईही हसली. माझ्या हिशेबाने लग्न त्या कुंपणाशी ठरले होते.

मोहरीचा डबा

दुपारी पुरुषांची जेवणे झाली. बाई वहिनींबरोबर चुलीपाशी बसली होती आणि मी दारात. दिगंबर, गणपतराव आणि त्यांचे शेजारी मेश्राम चटईवर. मेश्राम नागपूरकडचे, कारखान्याच्या रेल्वेत आहेत. त्यांच्या घरातल्या सर्वांनी बुद्धाची दीक्षा घेतलेली. सगळ्या ओळीत वर्तमानपत्र घेणारा हा एकच माणूस.

बाईने फडताळावरून मोहरीचा डबा उचलला. पत्र्याचा, गोल, चार बोटे उंच. कापलेल्या कडा कोणीतरी घासून गुळगुळीत केल्या होत्या. त्यावर परकी अक्षरे आणि एक निळे चित्र.

"हे कोणतं जनावर वं?"

वहिनी म्हणाल्या, "ते दिगंबरभाऊजीले त्याईच्या साहेबानं देल्लं होतं. डबा चांगला होता, म्हून ठेवला."

"व्हेल मछली आहे काकू," दिगंबर म्हणाला. "निकोलाय साहेबाच्या गावाकडून आलती. बुलावलं होतं त्यानं, तं खाल्ली मी."

"मच्छीच ना? मंग का झालं," बाई म्हणाली आणि मोहरी हातावर घेतली.

प्रकरण इथे संपले होते. वाचकांनी ही जागा नीट लक्षात घ्यावी. बहीण खूश, मुलगा खूश, चुलीवर तेल तापलेले. आणि मी दारातून म्हणालो, "मछली नव्हे. व्हेल हे इंग्रजी नाव झाले. आपल्या भाषेत त्याला देवमासा म्हणतात."

बाईची मूठ मिटली.

"का म्हंतात?"

"देवमासा."

"देव," बाई म्हणाली. मग, "मासा." तिने मोहरी परत डब्यात टाकली आणि हात पदराला पुसला. "मत्स्यावतार. देव खाल्ला पोरानं. आन मी सकाळपासून त्याच्याच डब्यातली फोडनी खाऊन राहिली."

"बाई, तो मासाच नव्हे, तर मत्स्यावतार कसा असेल?" मला वाटले, आता एका वाक्यात निकाल लावतो. आमच्या वाचनालयात प्राणिशास्त्राचे एक जाड पुस्तक आहे, ते मी दोनदा वाचले आहे. "नाव चुकीचे पडले आहे. माशाची शेपटी उभी असते, याची आडवी. माशाचे रक्त थंड, याचे आपल्यासारखे गरम. हा पाण्याबाहेर येऊन नाकाने श्वास घेतो. अंडी घालत नाही. पिल्लाला दूध पाजतो."

"पाजतो?"

"म्हणजे मादी पाजते."

बाई माझ्याकडे पाहत राहिली. "म्हंजे माय हाय ते. लेकराले अंगावर पाजनारी माय."

"बकरी पाजत नाही का? बकरी आपण खातोच ना?"

"बकरीच्या नावात देव हाय का?"

मासा म्हटले तर देव ठरत होता, मासा नाही म्हटले तर माय. दोन्ही बाजूंनी साखळी टाकून पाहिली, क्षेत्रफळ तेच.

मेश्राम म्हणाले, "आक्का, नावात देव लावला म्हून कोनी देव होत नाई. आमी तं तो कारभारच सोडून देल्ला." मला हायसे वाटले. निदान एक तरी विचारी माणूस भेटला. लगेच ते पुढे म्हणाले, "पन प्रानी जबरदस्त हाय. डोक्यातून पान्याचा फवारा सोडते. जहाज बुडते त्यानं."

"पाणी नसते ते," मी म्हणालो. "श्वास असतो. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते तशी."

"फोटूत पानी दिसते ना, मोजनीदार!"

"वाफच पाण्यासारखी दिसते."

"मी तं ऐकलं," गणपतराव म्हणाले, "का त्याचं एकेक अंड म्हंजे ढोली. धान साठवायच्या ढोलीएवढं."

"आताच सांगितले ना, अंडी घालत नाही!"

"पूर्ण मानूस गिळते अन् तीन दिवसानं उलटी करते, जित्ताच निंगते," वहिनी चुलीपाशून म्हणाल्या.

"जो सगळ्यांत मोठा असतो, शंभर फुटांच्या घरातला, त्याच्या घशातून नारळदेखील कष्टाने जाईल. दातच नसतात त्याला. समुद्रातले बारीक झिंगे गाळून खातो."

"शंभर फूट आन झिंगे खाते?" मेश्राम इतके हसले की त्यांना ठसका लागला. "काही बी सांगता तुमी."

खोटे ते सगळे त्यांना पटत होते, आणि खरे होते तेवढेच हास्यास्पद वाटत होते. माझा आवाज चढला. मी वहिनींचे लाटणे घेऊन जमिनीवर देवमाशाची शेपटी काढून दाखवू लागलो. त्यात बाई केव्हा उठली ते मला कळले नाही. ती पिशवीत पातळ घालत होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, बापू. रामाजी इचारतीन, पोरगा बिघडला का, तं मी का सांगू? देव खाल्ला सांगू का माय खाल्ली सांगू?"

दिगंबर भिंतीशी उभा होता. त्याने सफाई दिली नाही, डबा लपवला नाही. एवढेच म्हणाला, "काकू, उद्या माही सुट्टी हाय. एकदा साहेबाले भेटा. त्याचा भाऊ देवमासे मारनाऱ्या जहाजावर हाय. तुमाले जे इचारायचं ते त्यालेच इचारा. मंग जा."

निकोलाय साहेबांकडे

बाई तयार झाली ती मला टाळून. वाटेभर ती वहिनींशी बोलत होती आणि मी चार पावले मागे.

निकोलाय साहेब पन्नाशीचे, डोक्यावर केस बेताचे, हातावर भाजल्याचा मोठा डाग. दोन खोल्या, खिडकीत मातीच्या कुंडीत कांदे लावलेले. त्यांनी बाईला पाहून दोन्ही हात छातीशी नेऊन नमस्कार केला, तो आमच्या तहसीलदारांपेक्षा बरा होता. चहा काळा, बिनदुधाचा, पेल्यात, त्यात लिंबाची चकती. बाईने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. आपल्याकडे असा चहा फक्त पोट बिघडल्यावर देतात. काळा पाव, लोणी आणि मीठ लावलेली काकडी. काकडी तिने खाल्ली.

साहेब रशियन बोलत आणि दिगंबर त्याचे करून सांगे. हे त्याचे नेहमीचे काम. मिलमध्ये साहेबांचे म्हणणे बाकीच्या फिटरांना तोच सांगतो.

भिंतीवर फोटो होता. एका प्रचंड जहाजाच्या मागच्या बाजूने उतार केलेला आणि त्यावरून ओढून घेतलेला तो प्राणी. शेजारी माणसे हातात लांब काठ्यांना लावलेले सुरे घेऊन उभी. मी माणसांच्या उंचीवरून अंदाज केला, सत्तर फूट तरी असावा.

शिकारीबद्दलही माझ्या मनात एक चूक होती, तीही इथे नोंदवतो. मला वाटे, होडीत उभा राहून भाला फेकणारे शूर लोक असतील. ते जुन्या काळी. आता जहाजाच्या नाकावर तोफ असते. तिच्यातून सुटलेला भाला आत गेल्यावर फुटतो. मेलेला प्राणी बुडू नये म्हणून त्याच्यात हवा भरतात. मग ते मोठे जहाज त्याला ओढून घेते, कापते, कढवते, तेलाच्या टाक्या भरते. साहेबांच्या भावाने भाला हातात धरलेला नाही. तो कढयांवर असतो. पाळीने काम, महिन्याचा प्लॅन, प्लॅन पुरा झाला तर बक्षीस. वर्षातले कितीतरी महिने घर दिसत नाही.

गणपतराव एकदम म्हणाले, "अरे, हा तं कारखानाच आहे! पान्यावरचा भिलाई!" दिगंबरने ते साहेबांना सांगितले. साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि "भिलाई, भिलाई" म्हणत मान हलवली. कालपासून कोणाला एखादी गोष्ट पहिल्या झटक्यात समजली ती हीच, आणि ती समजावणारा मी नव्हतो.

बाई फोटोपाशी जाऊन उभी होती. ती वळली.

"दिगंबर, त्याले इचार. लेकरूवाली माय असली, तिलेबी मारतात का?"

दिगंबरने विचारले. साहेब गंभीर झाले आणि थोडे बोलले.

"नाई म्हंते, काकू. नियम हाय. पिल्लू संग असलेल्या मादीले मारायचं नाई."

बाईचा चेहरा सैल झाला. मी तर उठायच्या तयारीला लागलो. प्रश्न विचारला, उत्तर मिळाले, तेही आपल्या बाजूचे. पण साहेबांची नजर फोटोवर गेली होती. ते पुन्हा बोलू लागले, हळू, मध्ये थांबत, आणि बोलताना त्यांनी हाताने खाली जमिनीकडे काहीतरी दाखवले. दिगंबर ऐकत राहिला. साहेबांचे बोलणे संपल्यावर त्याने हातातला पेला खाली ठेवला.

त्या खोलीत रशियन समजणारा दुसरा कोणी नव्हता.

"अजून का म्हंते?" बाईने विचारले.

"म्हंते का नियम हाय, पन भाऊ चिठ्ठीत लिहिते का तिकडं धुकं असते, लाटा असते, पान्यावर फक्त पाठ दिसते. माय हाय का बाप, तोफवाल्याले कळत नाई. आन प्लॅन तं पुरा कराच लागते." त्याने फोटोकडे बोट केले. "कधी कधी वर ओढून कापलं का दूध निंगते म्हंते. जहाजावर सांडते. मंग पाइपानं धुऊन काढतात. भावाले ते पाहवत नाई, म्हून त्यानं बदली मागतली होती. भेटली नाई."

साहेबांनी आपला पेला उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला.

बाई पुढे आली आणि तिने तो थंड झालेला काळा चहा एका दमात पिऊन टाकला. तोंड वाकडे केले. मग साहेबांकडे पाहून म्हणाली, "त्याच्या भावाले म्हना, घरी ये." दिगंबरने ते सांगितले.

परतीच्या रस्त्यावर

मी मनातल्या मनात गाडीच्या वेळा काढत होतो. सकाळची पॅसेंजर, गोंदियाला बदल, रामाजींना काय सांगायचे, शांताला काय सांगायचे. मुलाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे लग्न मोडले होते. माझ्याएवढाच मूर्ख दुसरा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि मला त्याचा राग आला.

बाई चालता चालता थांबली. "दिगंबर, तो पयलं बोलला तेवढ्यावर मी मानली असती. दुसरं कावून सांगतलं तू?"

"साहेब बोलले ना, काकू."

"आमाले का समजनार होतं? वाटलं असतं, पावाचं बोलून राहिला."

दिगंबर जरा गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नसावा. "अर्धं कसं सांगन? मिलमधी साहेब दोन गोष्टी बोलला आन मी एकच सांगतली, तं तिकडं कोनाचा हात जाते. मले सवयच नाई अर्धं सांगाची."

बाई पुन्हा चालू लागली. दहा-बारा पावले गेल्यावर मागे न पाहता मला म्हणाली, "तुह्यासारखाच हाय हा. खरं बोलून घर पेटवनारा. पन एक फरक हाय, बापू."

"कोणता?"

"तो इचारल्यावर बोलते."

क्वार्टरवर पोचल्यावर तिने मोहरीचा डबा धुऊन रिकामा करायला लावला. मोहरी वहिनींनी दुसऱ्या बरणीत भरली. डब्याचे काय करायचे यावर मेश्राम म्हणाले, मले द्या, मी खिळे ठेवीन. तो त्यांना दिला. पिशवीतले पातळ बाईने बाहेर काढले आणि आम्ही आणखी एक दिवस राहिलो. त्या दिवशी शेजारच्या चार घरांतून मला देवमाशाबद्दल विचारायला लोक आले. एकाने ऐकले होते की साहेबांकडे जिवंत पिल्लू आहे, पाण्याच्या टाकीत. मी त्याला समजावण्यात पाऊण तास घालवला. जाताना तो म्हणाला, "म्हंजे टाकी दाखवनार नाई तुमी."

तिरोडा

शांता अंगणात तांदूळ पाखडत होती. बाईने तिला सगळे सांगितले, डबा, फोटो, दूध, काही न वगळता. मी मध्ये लांबी सांगितली. शांताने सूप खाली ठेवले.

"मामा, त्याले ते आवडलं होतं का?"

"काय?"

"ते मटन. का मच्छी. जे असन ते."

मी चार दिवसांत त्या प्राण्याची शेपटी, रक्त, घसा, सगळे धुंडाळले होते. हे विचारले नव्हते. तसे सांगितले.

"मंग मी इचारीन," ती म्हणाली आणि सूप उचलले. बाईने माझ्याकडे पाहिले. मुलीचा होकार आम्हाला मिळाला होता.

राहिले रामाजी. शांताच्या लग्नाला आता दीड वर्ष झाले आहे, म्हणून पुढचे लिहितो. ते ओसरीवर पान लावत बसले होते. क्वार्टर किती खणांचे, पगार किती, नळ घरात की बाहेर, सर्व मी सांगितले. माझे आकडे चोख असतात, त्यांनी एकही पुन्हा विचारला नाही. मग अडकित्ता थांबवून म्हणाले, "रशियनाच्या घरी उठबस हाय त्याची. त्याच्या हातचं का का खाल्लं?"

बाई दाराआड होती. तिने दार बोटभर उघडले.

"काळा पाव," मी म्हणालो. "लोणी. काकडी."

"आन?"

खोटे मला बोलता येत नाही. येत असते तर हा मजकूर इतका लांबला नसता. मी ओसरीच्या फरशा मोजल्या, एकोणीस भरल्या. "समुद्रातली" म्हणालो असतो तर मासळी झाली असती, आणि ते असत्य होते.

"आणि समुद्रातलं काहीतरी," मी म्हणालो.

"म्हंजे मच्छी," रामाजी म्हणाले. त्यांनी सुपारी कातरून पानावर टाकली, पान दुमडून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "मंग तारीख काढू."

'म्हंजे मच्छी' हा काही प्रश्न नव्हता. मी पान घेतले आणि तोंड भरून घेतले.